ओल्या वाळूतलं माप

१

कुठल्याही जोड्याला नवा तळ लावला की तो पायात घालून चार पावलं चालायचं आणि वळून आपला ठसा बघायचा, ही म्हाताऱ्याची जन्माची सवय. ठसा सारखा उमटला की काम पास. जोडे शिवण्यात आयुष्य गेलं, पण तोंडातून शब्द निघायचा तो मोजूनमापून. बायको म्हणायची, "आमच्या घरात जोडे बोलतात आणि माणूस गप्प."

आता तिचंच बोलणं विस्कटत चाललं होतं. आधी वस्तूंची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग मुलीचं. घरातल्या घरात तिला स्वयंपाकघर सापडेना. डॉक्टर म्हणाले, "तिच्याशी बोलत राहा. जुनंपानं सांगत राहा. निसटणाऱ्या गोष्टींना तेवढाच टेकू."

"ऐकलंत का बाबा?" मुलगी म्हणाली. "तोंड उघडा आता तरी."

म्हाताऱ्यानं मान हलवली. रात्री तो बायकोजवळ बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "पाऊस येईल बहुतेक." त्याच्यापुढे काही सुचेना.

म्हणून त्यानं तिला यात्रेला आणलं. किनाऱ्यानं जाणारी ही वाट दोघांनी तरुणपणी कैकदा तुडवलेली. बोलून जे होत नाही ते चालून होईल, असा त्याचा साधा हिशेब. आणि तो अगदीच चुकला नव्हता. म्हातारी चालायला लागली की तिची पावलं बरोबर वळायची. डोकं विसरलं होतं, पाय विसरले नव्हते.

एक प्रश्न मात्र तिनं अजून सांभाळून ठेवला होता. "अहो, लग्नात माझ्यासाठी जोडे आणलेत, ते बरोब्बर बसले. माप कुठनं घेतलंत?"

सगळं आयुष्य ती हे विचारत आली होती. तो सगळं आयुष्य "असंच" म्हणत आला होता.

शेवटच्या मुक्कामी त्याच्या चपलेचा तळ सुटला. मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाईंकडे सायकलच्या टायरचा तुकडा मिळाला, त्यावर बाणासारखी नक्षी होती. पिवळ्या बल्बच्या उजेडात त्यानं दोन्ही तळ कापून चिकटवले, शिवले, आणि सवयीप्रमाणे एकटाच वाळूवर चालून आला. वळून बघतो तर उजव्या पायाचे बाण पुढे आणि डाव्याचे मागे. डावा तुकडा उलटा बसला होता. असली चूक त्यानं उमेदवारीतसुद्धा केली नव्हती.

पायरीवर बसलेल्या म्हातारीनं ते ठसे बघितले आणि खूप दिवसांनी हसली. "एक पाय देवाकडे निघालाय, दुसरा घरी."

तोही हसला. आता उसवून पुन्हा शिवायचा कंटाळा आला. उद्याचा एक दिवस तर काढायचा.

सकाळी समुद्र मागे सरला होता. रात्रीच्या पाण्यानं बाकी सगळं पुसलं होतं, पण पायरीलगतच्या उंच वाळूत त्याचा एक डावा ठसा तसाच राहिला होता. त्या ठशात कुणीतरी शेवाळाची पात ठेवली होती. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सरळ, ताणून, नेमकी तिथंच तोडलेली. दुसरी आखूड पात चवड्यावर आडवी.

म्हातारा वाकून बघत राहिला. पोरांचा खेळ असेल म्हणावं, तर मुक्कामाला पोरं नव्हती. लाटेनं आणून टाकली म्हणावी, तर लाट तोडून ठेवत नाही. त्याच्या धंद्यात याला एकच नाव होतं.

कुणीतरी माप घेतलं होतं.

२

"मी पाणी भरून येतो," तो म्हातारीला म्हणाला. "माझ्याशिवाय कुणाबरोबर जायचं नाही."

"नाही जायची." तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. अलीकडे बघायची तसं, खिडकीतून परक्या रस्त्याकडे बघावं तसं. मग नजर खाली त्याच्या चपलांवर गेली आणि चेहरा सैल झाला. "तुम्हीच होय. मग ठीक."

हे रोजचंच होतं. तोंड ओळखू आलं नाही की ती पाय बघायची. त्याच्या हातच्या चपला ती कधी चुकत नसे.

नळ घरामागे होता. नळातून आधी नुसता वारा आला, मग गुरगुर, मग पाण्याची करंगळीएवढी धार. बाटली भरत असताना पुढच्या अंगाला म्हातारी हसल्याचं त्यानं ऐकलं. मालकीणबाईंशी बोलत असेल, त्याला वाटलं. बरं वाटलं.

तो परत आला तेव्हा पायरी रिकामी होती.

मालकीणबाई वरच्या खिडकीत चादरी झटकत होत्या. "काय विसरलात, काका?"

"ही कुठं गेली?"

"गेली म्हणजे? आत्ता तर हात धरून उतरवलंत तिला. मी वरून बघतेय."

"मी?"

"मग काय मी?" बाई हसल्या आणि चादर घेऊन आत गेल्या.

बाईंचा चष्मा जाड होता, आणि वरून सगळी पांढरी डोकी सारखीच दिसतात. दुसरं कुणी यात्रेकरू असेल. भला माणूस असेल, म्हातारीला पायऱ्या उतरायला हात दिला असेल. असं मनाला बजावत म्हातारा झपाझप वाळूत उतरला.

तिची पावलं लगेच दिसली. डावा अंगठा जरा आत वळतो, तिच्या जोड्यांना तिथं नेहमी जास्त जागा ठेवावी लागते. आणि तिच्या पावलांच्या शेजारून, समुद्राच्या बाजूनं, बाण चालले होते. उजवे पुढे, डावे मागे.

त्यानं आपला डावा पाय त्या ठशाशेजारी दाबला. उचलला. दोन्हीकडे तीच नक्षी, आणि टाचेजवळ आरी घसरून पडलेला तोच ओरखडा.

कालचेच असतील, तो मनाशी म्हणाला. पण काल तो एकटा चालला होता, आणि मधे एक अख्खी भरती येऊन गेली होती.

फरक एकच होता. म्हाताऱ्याचा ठसा टाचेला खोल होता, माणसाच्या वजनाचा. ते ठसे मात्र वरवरचे होते. रिकामी चप्पल कुणी हातानं वाळूवर टेकवत नेली असती तर उमटले असते तसे.

मुलीला फोन करावा म्हणून त्यानं खिशात हात घातला. पण काय सांगणार होता? तुझी आई माझ्याबरोबर पुढे गेली आणि मी मागे राहिलो?

त्यानं फोन परत ठेवला आणि चालायला लागला.

३

वाळूवर खारट धुकं पसरलं होतं. पुढचं वळण दिसायचं, त्याच्या पुढचं नाही. प्रत्येक वळणावर त्याला वाटायचं, आता दिसतील. प्रत्येक वळणापलीकडे नुसती पावलं असायची.

ऊन चढलं तेव्हा खडकांवरची चहाची टपरी आली. पत्र्याचं छप्पर, एक फळीचं बाकडं, स्टोव्हची घरघर. चहावाला त्याला बघून हातातलं भांडं घासायचा थांबला.

"काय काका, परत? काय राहिलं?"

"बायको." म्हाताऱ्याला धाप लागली होती. "इथनं गेली का?"

"गेली म्हणजे? तुमच्याबरोबरच गेली की." त्यानं डोळे मिचकावले. "भांडलात काय वाटेत? या वयात?"

"माझ्याबरोबर नाही. दुसरं कुणी होतं."

"ह्याच चपला, हाच सदरा. खांद्यावरचं ठिगळसुद्धा हेच. आता जुळा भाऊ आहे म्हणाल." चहावाला हसला. "मला वाटलं बोलून बोलून तुमचं डोकं फिरलंय. काका, काय हो बोलता तुम्ही! तोंडाला खळ म्हणून नाही. काकू नुसत्या हसतायत, आणि मध्येच विचारतायत, मग पुढं? मग पुढं?"

"काय बोलत होतो?"

"हे मला विचारता? दुकान कुठं मांडलं पहिल्यांदा, छप्पर कसं गळायचं, काकूंनी पातेली कुठं कुठं लावली. मला सगळं पाठ झालंय आता."

पातेली. एक उशाशी, एक पायाशी, आणि सर्वांत मोठं चामड्याच्या गठ्ठ्यावर, कारण ते भिजलं तर खायचं काय. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि उघडले.

बाकड्यावर दोन कप होते. एक उताणा, रिकामा. दुसरा पालथा.

"तो तुमचा," चहावाला म्हणाला. "मी म्हटलं, पालथा का हो घातला? तर म्हणालात, दुकानात चामड्याची भुकटी उडते, त्याची सवय."

खरं होतं. चहा पिऊन झाला की कप पालथा. पण असं का, हे म्हाताऱ्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्यानं कप उचलला. आत कोंडलेला चहा फळीवर पसरला आणि फटीतून खाली ठिबकायला लागला. कप भरलेलाच पालथा घातला होता.

"च्यायला, प्यायलाच नाहीत होय?" चहावाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं हसू जरा कमी झालं. त्यानं म्हाताऱ्याच्या चपलांकडे बघितलं, मग वाटेकडे. "काका, तुम्ही जरा बसा. पाणी घ्या."

"पुढं खिंड आहे ना?"

"आहे. पण भरतीचं पाणी वळलंय. ती बंद होईल लवकरच."

म्हातारा तोवर खडक उतरला होता.

खालची पावलं आता तशी वरवरची नव्हती. टाच रुतली होती, चवडा दाबला गेला होता, बाणांच्या कडा धारदार उमटल्या होत्या. सकाळपासून त्या चालणाऱ्याच्या अंगात वजन भरत चाललं होतं.

४

खिंड म्हणजे समुद्रानंच कड्यात पाडलेलं भोक. आत वाळू थंड आणि भिंती घामेजल्यासारख्या. पाणी ठिबकत होतं, आणि प्रत्येक थेंबाचा आवाज दोनदा यायचा. म्हातारा भिंतीला हात लावून चालला होता.

मधोमध आल्यावर त्याला बोलणं ऐकू आलं.

आपला आवाज बाहेरून कसा येतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याला होतं. मुलीनं एकदा फोनवर भरून ऐकवला होता. हा कोण घोगरा माणूस, असं त्यानं तेव्हा विचारलं होतं आणि घरभर हशा पिकला होता.

तो घोगरा माणूस खिंडीच्या पुढच्या टोकाला बोलत होता. शब्द नीट कळत नव्हते, पण चाल कळत होती. आजाऱ्याजवळ बसून बोलावं तशी, मऊ. एवढं मऊ आपल्याला बोलता येतं हे म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. मधेच म्हातारी म्हणाली, अगदी स्वच्छ आवाजात, "आणि धाकटी माझ्या पदराला धरून होती, हो ना?"

धाकटी म्हणजे तिची बहीण. दोन वर्षांत म्हातारीनं तिचं नाव काढलं नव्हतं.

ते ऐकून म्हाताऱ्याला वाटली ती नुसती भीती नव्हती.

"अगं," त्यानं हाक मारली. "थांब."

हाक भिंतींवर आपटत पुढे गेली. बोलणं थांबलं. पाण्याचे थेंब तेवढे मोजण्यासारखे राहिले. मग त्याचाच आवाज, जराही न घाबरता, तिला म्हणाला, "काही नाही गं. खिंडीत आपलंच बोलणं परत येतं. चल, पाणी चढतंय."

आणि खरंच पाणी चढत होतं. पहिली लाट मागून आली आणि म्हाताऱ्याच्या घोट्यांवरून सरकून गेली. ती ओसरली तेव्हा मागची सगळी पावलं गेली होती. त्याचीही.

तो धावला. कितीतरी वर्षांनी धावला.

५

देवस्थान जमिनीच्या अगदी टोकाला होतं. दगडी भिंतींची एक लांबट खोली, आत बाकं, समोर दिवा. सूर्य कलला होता. दारापाशी कुणी नव्हतं.

उंबऱ्याबाहेर म्हातारीच्या चपला होत्या. शेजारी आणखी एक जोड होता, चवडे बाहेरच्या दिशेला करून नीट मांडलेला. बाहेर निघताना थेट पाय घालता यावा, म्हणून ती त्याचे जोडे नेहमी असेच फिरवून ठेवायची.

म्हाताऱ्यानं आपल्या पायांकडे बघितलं. चपला पायात होत्या.

तो खाली बसला आणि त्या जोडातली डावी चप्पल उलटी केली. उलटे बाण, ओरखडा, घाईत मारलेली शेवटची गाठ. मग त्यानं ती सुलटी करून आत बघितलं. वापरातल्या चपलेत माणसाचं पाऊल काळं उमटतं, पाच बोटांचे पाच खळगे पडतात. या चपलेत पाऊल उमटलंच नव्हतं. बाहेरून वर्षानुवर्षं झिजलेली, आतून कोरी. आणि ओली.

त्यानं ती होती तशी ठेवली. बोटं सदऱ्याला पुसली. मग आपल्या चपला काढल्या, पण तिथं ठेवायचा धीर होईना. काखेत धरूनच तो आत शिरला.

शेवटच्या बाकावर म्हातारी पाठमोरी बसली होती. तिच्या शेजारी एक पाठ होती. खांद्यावर ठिगळ. मान जरा तिच्याकडे झुकलेली. म्हाताऱ्यानं हाक मारली असती, पण दिव्याचा उजेड त्या मानेवर जसा पडायला हवा होता तसा पडत नव्हता. ओल्या वाळूवर पडतो तसा पडत होता.

"मग तुम्ही पुढे गेल्यावर," तो आवाज सांगत होता, "मी मागे थांबलो. ती वाळू ओली होती. मी खाली वाकलो, आणि..."

म्हाताऱ्याच्या काखेतली एक चप्पल फरशीवर पडली.

आवाज थांबला. म्हातारा चप्पल उचलायला वाकला, आणि मान वर केली तेव्हा बाकावर म्हातारी एकटीच होती. तिचा हात शेजारच्या जागेवर पसरलेला, तळवा वर, बोटं अलगद मिटलेली. जागा ओली होती. पाणी फळीच्या कडेवरून फरशीवर गळत होतं.

तिनं वळून बघितलं. डोळे लख्ख. तिनं त्याचे पाय बघितले नाहीत. सरळ तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं.

"उठलात कशाला मध्येच?" ती म्हणाली. "वाकलात तिथवर आलो होतो. वाकून काय केलंत?"

६

बाहेर आले तेव्हा उंबऱ्यापाशी म्हातारीच्या चपला तेवढ्या होत्या. शेजारी दोन ओले डाग, सुकत चाललेले.

म्हाताऱ्यानं तिचा डावा हात घट्ट धरला. गाडीरस्ता वरच्या वाळूतून गेलं की लागणार होता, दिवे लागायच्या आत पोचता आलं असतं.

"आज तुम्ही किती बोललात," म्हातारी म्हणाली. "मला सगळं आठवलं हो. गळकं छप्पर. पातेली. आपल्या पोरीचं नाव." तिनं ते नाव घेतलं, दोनदा, चव घेतल्यासारखं. "आता गप्प नका बसू. गप्प बसलात की सगळं परत अंधारतं."

तो गप्पच होता. ऐकत होता. त्याची पावलं वाजत होती, तिची वाजत होती. आणि तिच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, ओली वाळू हळूहळू दबत होती.

त्यानं तिकडे बघितलं नाही. आपण गप्प बसलो तर दुसरं कुणी बोलेल, एवढं त्याला कळलं. ते कळायला फार शहाणपण लागत नाही.

"त्या दिवशी," म्हातारा म्हणाला. "त्या दिवशी तू बहिणींबरोबर किनाऱ्यावर आली होतीस. बोलणी व्हायची होती अजून. मी बाबांबरोबर बाजाराला चाललो होतो."

"हं."

"तू अनवाणी होतीस. जोडे हातात घेतले होतेस. ते तुला चावत होते, लांबूनसुद्धा कळत होतं. चालताना अंगठा आखडून घ्यायचीस." एवढं लांब तो जन्मात बोलला नव्हता. शब्द जड कातड्यासारखे एकेक ओढून काढावे लागत होते. पण तो बोलत होता तोवर पलीकडची वाळू नुसती दबत होती, बाकी काही नाही. "मला वाटलं, हिचे जोडे कुणी नीट शिवलेच नाहीत. मी शिवले तर. एवढंच वाटलं. मग तुम्ही पुढे गेलात. तुझं पाऊल तिथं राहिलं. पाणी यायच्या आत..."

"पाणी यायच्या आत काय?"

"माझ्या खिशात शिवायचा दोरा होता. मी खाली वाकलो. तुझ्या पावलात तो दोरा टाचेपासून धरला, आणि..."

समोर तो डावा ठसा उभा राहिला. त्यात ठेवलेली, नेमकी तोडलेली शेवाळाची पात. त्यानं म्हातारीचा हात आणखी घट्ट धरला आणि श्वास घ्यायला थांबला.

म्हातारीनं मान डोलावली. पण तिचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं. तिचा उजवा हात अंगापासून जरा दूर होता, बोटं अलगद मिटलेली, दमलेल्या माणसाला चालताना आधार द्यावा तशी.

"अंगठ्यापाशी गाठ मारली," तिच्या पलीकडून तो मऊ, घोगरा आवाज म्हणाला. "मग ते माप मी खिशात घातलं, आणि तुझ्या मागोमाग चालत राहिलो."